अंगठा देण्याआधी : दस्तातले जुने शब्द समजून घेऊ या

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी झालेले बोलणे, छापण्यासाठी थोडे आवरून.)

 

आज बोलायचे आहे कागदाविषयी. कागद आपल्या घरी केव्हा येतो? घरधनी गेला की वारसाचा कागद येतो. भावांची वाटणी ठरली की हक्कसोडीचा कागद येतो. पेरणीला पैसा कमी पडला की सावकाराचा कागद येतो. गटाला कर्ज मंजूर झाले की पानेच्या पाने कागद येतो. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी कागदावर बोट ठेवून सांगते, "बाई, इथं अंगठा द्या, बाकी आम्ही पाहून घेतो."

सही करता येणाऱ्या बाईचेही वेगळे नसते. रोज पेपर वाचणारी बाईसुद्धा दस्ताच्या दुसऱ्या ओळीत अडते. 'ऐसाजे', 'सबब', 'सदरहू', 'निर्वेध', 'तोशीस', 'बेबाक'. घरात कोणी असे बोलत नाही. मग वाटते, हे वकिलाचे काम, आपल्याला काय समजते!

गटाच्या बैठकीत आम्ही घरोघरचे जुने दस्त आणून मोठ्याने वाचायला लागलो. तेव्हा ध्यानात आले की हे शब्द फक्त जुने आहेत. एकदा फोड करून सांगितली की कोणालाही कळतात. दुसरी गोष्ट अशी कळली की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आपल्याला काहीतरी देतो, नाहीतर आपल्याकडून काहीतरी घेऊन जातो. कोणता शब्द काय नेतो एवढे कळले, तरी अंगठा देण्याआधी हात थांबतो. आजचे बोलणे त्यासाठीच.

हे शब्द आले कुठून?

आपला वऱ्हाड. अचलपूरची इमादशाही, मग मोगल, मग निजाम आणि नागपूरकर भोसले अशी राज्ये इथे झाली. दरबाराची भाषा फारसी. म्हणून जमीन, सारा, कर्ज, कोर्ट यांचे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मुरले. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी गावच्या कागदात जुने शब्द राहिलेच. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांनी कायदे इंग्रजीत केले. त्यांच्या वाक्यांचा तर्जुमा जुन्या मराठीत होऊन दस्तात बसला. पुढे आपला भाग मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणून आपल्याकडच्या जुन्या सातबारावर 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' असे शब्द दिसतात, ते पुण्या-साताऱ्याकडे दिसायचे नाहीत.

दस्त लिहिणारा माणूस आधीचा दस्त समोर ठेवून लिहितो. त्यामुळे पणजोबाच्या कागदातले वाक्य नातीच्या कागदात जसेच्या तसे उतरते. हे सांगायचे कारण एवढेच की शब्द समजला नाही म्हणून लाज वाटून घेऊ नका. तो आपल्या काळाचाच नाही.

दस्त वरून खाली वाचू

आता एक विक्रीपत्र डोळ्यांपुढे आणा. तिकडे त्याला खरेदीखत म्हणतात, आपल्याकडे विक्रीपत्र. वरून खाली जाऊ.

लिहून देणार, लिहून घेणार. सगळ्यात आधी ही दोन नावे पाहा. 'लिहून देणार' म्हणजे ज्याच्या हातून हक्क जातो तो. 'लिहून घेणार' म्हणजे ज्याला हक्क मिळतो तो. कागदावर तुमचे नाव 'लिहून देणार' या बाजूला असेल, तर तुमच्या हातून काहीतरी जात आहे, हे पक्के. मग समोरचा "साधा कागद आहे" म्हणो की "वारसाची नोंद आहे" म्हणो. नुसत्या वारस नोंदीच्या अर्जात 'लिहून देणार' नसतो.

अ.पा.क. नावाच्या मधोमध ही तीन अक्षरे येतात. 'अज्ञान पालनकर्ता'. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षांखालचे मूल. 'अ.पा.क. आई' असे असेल तर ती आई मुलाच्या वतीने सही करते आहे. हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानुसार, मुलाच्या स्वतःच्या नावावर असलेली जमीन आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कोणी "लेकराच्या वतीने तुम्हीच सही करा" म्हणाले, तर आधी विचारा, कोर्टाचा हुकूम आणला का?

ऐसाजे. 'कारणे विक्रीपत्र लिहून देते ऐसाजे'. 'ऐसाजे' म्हणजे 'ते असे की'. इथून खरा मजकूर सुरू होतो. वाचून दाखवणारा इथपर्यंत सावकाश वाचतो आणि पुढे घाईने पान उलटतो. तुम्ही उलट करा. इथून पुढे कान टवकारा.

मौजे, मजकूर, सदरहू. 'मौजे' म्हणजे गाव. 'मजकूर' आणि 'सदरहू' म्हणजे 'वर सांगितलेले'. 'सदरहू शेत' म्हटले की वर जाऊन बघायचे, कोणते शेत सांगितले आहे. गट नंबर तोच आहे का? हेक्टर-आर तेवढेच आहे का? एका हेक्टरचे १०० आर होतात आणि एक एकर म्हणजे साधारण ४० आर. एक एकर द्यायचे ठरले आणि कागदावर ०.८० हेक्टर आले, तर दोन एकर गेले.

आणे आणि पै. जुन्या वाटणीपत्रात हिस्सा रुपयाच्या भाषेत असतो. पूर्ण शेत म्हणजे एक रुपया, म्हणजे १६ आणे. आठ आणे म्हणजे अर्धा हिस्सा, चार आणे म्हणजे पाव. 'पाच आणे चार पै' म्हणजे एक तृतीयांश, कारण एका आण्याच्या बारा पै होत. ही किंमत नसून हिस्सा आहे, हे लक्षात ठेवा.

चतुःसीमा. शेताच्या चारी बाजूंना कोण आहे ते. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांदण. आकडे समजले नाहीत तरी हे आपल्याला तोंडपाठ असते, कारण त्या धुऱ्यावरून आपणच रोज जातो. म्हणून चतुःसीमा मोठ्याने वाचायला लावा. शेजारी चुकला तर शेतच दुसरे आहे.

भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २. वर्ग १ म्हणजे विकायला मोकळीक असलेली जमीन. वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. ते जुने 'भूमिस्वामी' ढोबळ मानाने वर्ग १ मध्ये गेले आणि 'भूमिधारी' वर्ग २ मध्ये. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायलाही परवानगी लागते. घेणाऱ्या बाईने हे आधी पाहावे, नाहीतर पैसा जातो आणि जमीन नावावर होत नाही.

जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ऐकायला एखादा श्लोक वाटतो. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, गाडलेले धन आणि ठेव. राजे-रजवाडे गाव इनाम देत, त्या काळापासूनचे हे शब्द. धनाची गंमत अशी की १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. दस्तात 'निधी' लिहिले म्हणून कोणी परस्पर ठेवून घेऊ शकत नाही. पण 'जल' आणि 'तरू' हे मात्र खरे आहेत. 'जल'मध्ये विहीर जाते. 'तरू'मध्ये बांधावरचा आंबा, मोह, सागवान जाते. अर्धेच शेत विकायचे आणि विहिरीचे पाणी राखायचे असेल, तर या ओळीखाली वेगळे लिहून घ्यावे लागते : 'विहिरीतील अमुक हिस्सा व पाणी नेण्याचा हक्क लिहून देणाराने राखून ठेवला आहे.' तसे लिहिले नाही, तर विहिरीसाठी भांडत बसावे लागते.

वहिवाट. वापरत आल्याने चालत आलेली रीत. 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह' हे शब्द घेणाऱ्या बाईने जरूर मागावेत. रस्ता नसलेले शेत पेरणीच्या दिवसांत कळते.

नक्त, भरणा, भरून पावले, बेबाक. 'नक्त' म्हणजे रोख. 'भरून पावले' म्हणजे मला सगळे पैसे मिळाले. 'बेबाक' म्हणजे काही बाकी राहिले नाही. हे शब्द ज्या कागदावर आहेत त्यावर अंगठा दिला, की पैसे मिळाल्याची पावती आपणच दिली. "रजिस्ट्री झाली की बाहेर देतो" असे कोणी म्हटले तर म्हणा, "मग कागदावरही तसंच लिवा." पैसे खात्यात येऊ द्या किंवा चेक हातात घ्या आणि त्याचा नंबर दस्तात घालून घ्या. उलट कर्ज फेडल्यावर हाच शब्द आपल्या कामाचा. बेबाकीचा दाखला घेतल्याशिवाय सोसायटीतून किंवा बँकेतून परत येऊ नका.

निर्वेध, निजोखमी, बोजा. निर्वेध म्हणजे ज्यावर कोणाचा अडथळा, कर्ज, दावा नाही. बोजा म्हणजे सातबाराच्या 'इतर हक्कात' दिसणारे कर्ज. विकणारी 'निर्वेध' लिहून देते, म्हणजे बोजा नाही याची हमी घेते.

तोशीस, हिल्ला-हरकत. 'कोणी हिल्ला-हरकत केल्यास तिचे निवारण मी स्वखर्चाने करीन, लिहून घेणारास तोशीस लागू देणार नाही.' हिल्ला म्हणजे बहाणा, हरकत म्हणजे अडवणूक, तोशीस म्हणजे झळ. अर्थ असा की उद्या दीर, नणंद, सावत्र भाऊ कोणीही कोर्टात गेले, तर त्या भांडणाचा खर्च तुमच्या माथी. घेणारीला हे वाक्य ढाल आहे, देणारीला ओझे. एकच ओळ, पण कोणत्या बाजूला उभ्या आहात त्यावर तिचा अर्थ फिरतो.

वालीवारस, वंशपरंपरेने, यावच्चंद्रदिवाकरौ. शेवटचा शब्द म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर. तिन्हींचा मतलब एक : कायमचे. तुमच्यानंतर तुमची लेकरेही मागू शकणार नाहीत.

खुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, वाचून व समजून. हे शेवटचे वाक्य सगळ्यांना उगीच लिहिलेले वाटते. पण ही आपली साक्ष आहे, आपल्याच विरुद्ध. उद्या आपण म्हणालो, "मले समजलं नव्हतं," तर समोरचा हेच वाक्य कोर्टात दाखवतो. म्हणून खरोखर वाचून दाखवल्याशिवाय या ओळीखाली अंगठा देऊ नका. निशाणी म्हणजे तुमचा अंगठा आणि दस्तुरखुद्द म्हणजे स्वतःच्या हातची सही.

तीन कागद, जिथे बाई फसते

सगळेच कागद सारखे धोक्याचे नसतात. तीन ठिकाणी मात्र जास्त जपावे लागते.

पहिला, कर्जासाठी करून दिलेली विक्री. सावकार म्हणतो, "पैसे देतो, पण विक्री लावून द्या. पैसे फेडले की शेत परत." तोंडी बोलणे कर्जाचे आणि कागद विक्रीचा. इथे दोन शब्दांतला फरक जीव की प्राण आहे. 'कायम', 'खूशखरेदी' किंवा 'फरोक्त' लिहिले असेल तर शेत विकले गेले. 'मुदत खरेदी' किंवा 'शर्तीची विक्री' असेल, म्हणजे अमुक मुदतीत पैसे फेडल्यास जमीन परत, तर तो गहाणाचा प्रकार होऊ शकतो. पण एक अट आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्यात १९२९ साली दुरुस्ती होऊन ठरले की परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे. विक्री रजिस्टर केली आणि परत देण्याचे वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले, तर कायदा त्याला गहाण मानत नाही. किती घरांच्या पेटीत अशा चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असतात!

गहाणातही दोन शब्द लक्षात ठेवा. 'ताबेगहाण' म्हणजे जमिनीचा ताबाही गेला. 'नजरगहाण' म्हणजे जमीन किंवा वस्तू आपल्याकडेच, फक्त सावकाराची नजर तिच्यावर. गहाण हे गहाणच राहते आणि ते सोडवण्याचा हक्क दीर्घ मुदतीचा असतो. विक्रीत असा हक्क नाही.

दुसरा एक जुना शब्द आपल्या बाजूचा आहे : दामदुप्पट. आजकाल हा शब्द पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या फसव्या योजनांमुळे बदनाम झाला. पण मूळ अर्थ उलटा आहे. व्याज कितीही साठले तरी ते मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, असा तो जुना नियम. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याने सावकारी कर्जाला तो लागू ठेवला आहे. दहा हजार मुद्दल असेल तर व्याज दहा हजारांच्या वर मागता येत नाही. विनापरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर याच कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ते दस्त रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. अर्जाला मुदत असते, म्हणून उशीर करू नका. यवतमाळला हे कार्यालय आहे.

दुसरा कागद, हक्कसोडपत्र. वडील गेले, भाऊ म्हणतो, "ताई, नावं कमी करायची आहेत, दारव्ह्याला यावं लागते." नावे कमी करणे आणि हक्क सोडणे एकच आहे, हे तिला कोणी सांगत नाही. ज्यांना हिंदू वारसा कायदा लागू आहे, आणि त्यात बौद्ध व जैनही येतात, त्यांच्या घरी वडील मृत्युपत्र न करता गेले तर आई, मुलगे, मुली यांचे हिस्से बरोबरीचे असतात. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. मुसलमान भगिनींचे हिस्से त्यांच्या कायद्याने ठरतात, पण मुलीचा हिस्सा तिथेही आहे. आदिवासी समाजाच्या वारसाचे नियम वेगळे, ते विधी सेवा केंद्रात विचारून घ्यावेत.

हक्कसोडपत्रात 'विनामोबदला' असते, म्हणजे काही न घेता. कधी 'साडीचोळी पावली' असते. म्हणजे एका लुगड्यावर शेताचा हिस्सा गेला. भावाला हिस्सा देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. माहेर तुटू नये म्हणून खुशीने सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि तो त्यांचा निर्णय. फक्त तो निर्णय असावा. दुपारच्या घाईत, चहा पिता पिता दिलेला अंगठा नसावा. 'कोणाच्या लाभात' हे शब्दही पाहा. आईच्या लाभात सोडते की एकाच भावाच्या, यात फार फरक आहे.

विधवेच्या बाबतीत आणखी एक शब्द येतो : 'हयातीपुरते' किंवा 'अन्नवस्त्रापुरते'. म्हणजे जिवंत आहे तोवर पिकवून खा. पण हिंदू वारसा कायदा १९५६ चे कलम १४ आणि १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी सांगितले आहे की पोटगीच्या जुन्या हक्कापोटी बाईला मिळालेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची होते. म्हणून कागदावर 'हयातीपुरते' दिसले की लगेच हताश होऊ नका, वकिलाला तो कागद दाखवा.

तिसरा कागद, गटाचे कर्ज आणि जामीन. करारात लिहिलेले असते, 'संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार'. संयुक्तपणे म्हणजे सगळ्या मिळून. पृथकपणे म्हणजे एकेकटीसुद्धा. दहा जणींनी दोन लाख घेतले आणि नऊ जणींनी भरले नाही, तर बँक एकट्या दहावीकडून सगळे मागू शकते. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातच हे आहे. पण त्याच कायद्यात असेही आहे की जिने जास्त भरले तिला बाकीच्या जणींकडून त्यांचा वाटा मागता येतो. म्हणून कोणी किती भरले हे गटाच्या वहीत नीट लिहा. 'जामीनदार' शब्दाचेही तसेच. जामीन म्हणजे नुसती ओळख नव्हे. वेगळे काही लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक आधी कर्जदाराकडे गेलीच पाहिजे असे नाही. 'मागणी होताच' हे शब्द असतील तर हप्त्याची वाट न पाहता पूर्ण रक्कम मागता येते.

मग करायचे काय?

आमच्या गटात आम्ही सहा प्रश्न ठरवले आहेत. कोणताही कागद आला की हेच विचारायचे :

१. यात मी लिहून देणार आहे की लिहून घेणार?
२. नेमके काय जात आहे किंवा येत आहे? गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा.
३. कायमचे की मुदतीचे?
४. पैसे किती, आणि खरोखर हातात पडले का?
५. उद्या भांडण झाले तर झळ कोणाला?
६. माझ्याकडे काय उरते? विहीर, रस्ता, राहते घर?

कागद घेऊन आलेल्या माणसाने या सहा प्रश्नांची उत्तरे साध्या बोलीत द्यावीत. मग आपण ती आपल्या शब्दांत परत सांगायची : "म्हणजे मी दोन एकर कायमचं देऊन राहिली, विहीर बी देऊन राहिली, अन् पैसे सगळे पावले, असंच ना?" तो "हो" म्हणाला तर ठीक. तो म्हणाला, "तसं नाही बाई, विहीर तुमचीच राहील," तर म्हणा, "मग तसं लिवा." हे महत्त्वाचे आहे, कारण एकदा करार लेखी झाला की त्याविरुद्धचे तोंडी बोलणे सहसा कोर्टात चालत नाही. फसवणूक झाली असेल तर दाद मागता येते, पण ती सिद्ध करावी लागते.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा रक्कम न भरलेल्या चिठ्ठीवर कधीही अंगठा देऊ नका. सावकाराने अशी कोरी चिठ्ठी घेणे कायद्यालाच मंजूर नाही. दस्ताची प्रत आदल्या दिवशी घरी मागा. शिकलेल्या लेकीकडून, सुनेकडून दोनदा वाचून घ्या. दुय्यम निबंधकाकडे गेल्यावर साहेब विचारतात, "हा दस्त तुम्हीच करून दिला का? मान्य आहे का?" ते फक्त ओळख आणि कबुली पाहतात. सौदा चांगला की वाईट हे सांगणे त्यांचे काम नाही. पण "मान्य नाही, मला समजले नाही" असे तिथे म्हणण्याचा हक्क तुम्हाला शेवटच्या क्षणापर्यंत आहे. स्टॅम्प घेतला, गाडीभाडे झाले, चार माणसे खोळंबली, म्हणून अंगठा द्यावा लागतो असे नाही.

दस्त झाल्यावर फेरफार होतो, म्हणजे सातबारावरचे नाव बदलते. त्याआधी हितसंबंधितांना नोटीस येते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. पटवाऱ्याची नोटीस आली की ती चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवू नका. त्याच दिवशी वाचून घ्या.

आणि अंगठा देऊन झाला असेल तर? तरीही घाबरू नका. अशिक्षित बाईने दिलेल्या दस्ताबाबत आपली न्यायालये जास्त काळजी घेतात. तिला मजकूर समजावून सांगितला होता, हे लाभ घेणाऱ्यानेच दाखवावे, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. पण फसवून घेतलेला दस्त रद्द करण्याचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. म्हणून कळल्याबरोबर उठा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे.

मैत्रिणींनो, शेवटी एक काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक जुना कागद आणायचा. मूळ कागद पेटीतच ठेवा, झेरॉक्स आणा. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी अडलेल्या शब्दापाशी हात वर करायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची फोड करायची. चार बैठका अशा झाल्या की शब्द तेच तेच येतात हे दिसेल. दस्त लिहिणाऱ्याजवळ काही फार मोठा साठा नसतो. शे-दीडशे शब्दांवर त्याचे सगळे चालते. स्वयंपाकघरात आपण यापेक्षा जास्त नावे पाठ ठेवतो.